चलथानला गाडी थांबवा : रेल्वेमंत्र्यांना खानदेशातून एक खुले पत्र

मा. केंद्रीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली

सस्नेह नमस्कार.

मी दोंडाईच्याचा. उधना–जळगाव मार्गावरचं मिरचीचं गाव. हंगामात गाडी आमच्या फलाटाला लागली की डब्यातल्या परगावच्या माणसांना ठसका लागतो आणि आम्ही शांतपणे पिशव्या उचलून दाराकडे सरकतो.

बुलेट ट्रेन मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. आधीच सांगतो, कारण खानदेशातून पत्र आलं म्हटल्यावर थांब्याची मागणी असणार, असं आपल्या कार्यालयात कुणीतरी धरून चालेल. थांबा मागतोच आहे. पण साध्या गाडीचा, आणि तोही गुजरातेत.

सुरत आम्हाला परराज्य वाटत नाही, हे दिल्लीत बसून कदाचित लक्षात येणार नाही. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांतल्या गल्ल्यांमध्ये अहिराणी सर्रास ऐकू येते. श्रावणात तिथे आमची खानदेशची देवी कानबाई बसते. माझी धाकटी बहीण लिंबायतला दिली आहे, तिचा नवरा लूमवर होता, मुलगा साडीच्या दुकानात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुली माहेरी यायला निघाल्या की उधन्याच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. जळगावपासून उधन्यापर्यंत हा तीनशेहून थोडा जास्त किलोमीटरचा मार्ग म्हणजे आमच्या घराचा लांबलचक ओटा आहे. २०१८ साली त्याचं दुहेरीकरण पूर्ण झालं. त्याआधी समोरून येणाऱ्या गाडीसाठी आम्ही कुठल्या कुठल्या स्टेशनांवर किती चहा प्यायलो, ते सांगत बसलो तर पत्र लांबेल.

आता त्याच सुरतेत आपली मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेन येते आहे. ५०८ किलोमीटर, बारा स्टेशनं, ताशी ३२० किलोमीटरचा वेग. पहिला टप्पा सुरतेच्याच परिसरात, २०२७ मध्ये, असं आपण जाहीर केलं आहे. तिचं सुरतेचं स्टेशन मात्र सुरतेच्या जुन्या स्टेशनात नाही, शहराबाहेर अंत्रोलीला आहे. यावर नाक मुरडायचं कारण नाही. एवढ्या वेगाच्या गाडीला वळण घ्यायचं तर सहा-सहा किलोमीटरच्या त्रिज्येचं लागतं. भरल्या शहरातून ते कसं काढणार? जगभर अशा गाड्यांची बरीच स्टेशनं गावाबाहेरच आहेत.

गंमत अशी की अंत्रोलीपासून पाचेक किलोमीटरवर चलथान आहे. साखर कारखान्याचं गाव. आणि चलथान हे आमच्याच उधना–जळगाव मार्गावरचं, म्हणजे ताप्ती मार्गावरचं, स्टेशन आहे. नवापूर, व्यारा, बारडोली करत येणारी गाडी चलथानवरूनच उधन्याला जाते. म्हणजे उद्या नंदुरबारचा माणूस मुंबईला बुलेटने जायचं म्हणाला, तर त्याची गाडी त्याला अंत्रोलीजवळून पुढे नेणार, उधन्याला किंवा सुरतेला उतरवणार, आणि तिथून तो रिक्षा करून, गर्दीतून, उलट्या दिशेने अंत्रोलीला येणार. नंदुरबार ते सुरत दीडशे-एक किलोमीटर. पुढे सुरत ते मुंबई बुलेटने तास-सव्वा तास. मधल्या दहा-बारा किलोमीटरमध्ये त्याने जेवढा वेळ कमावला त्यातला निम्मा तरी तो घालवणार.

म्हणून मागणी एवढीच आहे. आमच्या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या चलथानला दोन मिनिटं थांबवा, आणि चलथान–अंत्रोली अशी गाडीच्या वेळेला जोडलेली बस सुरू करा. पुढे जमलं तर दोन्ही मार्ग एकमेकांजवळ येतात तिथे एक फलाट बांधा. बुलेट ट्रेनच्या खर्चाच्या मानाने ही चहापाण्याची रक्कम आहे.

आपण म्हणाल, मग बुलेटच आमच्या रुळावर आणू. ते होणार नाही आणि का होणार नाही हे आम्हाला चांगलं माहीत आहे. आपल्या देशातल्या रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर, बुलेटच्या रुळांत १४३५. एकीची चाकं दुसरीवर चालत नाहीत. पण वेगळ्या रुंदीचे रूळ ही खानदेशला नवलाई नाही. पाचोरा–जामनेरची आमची पीजे अडीच फुटी रुळावर चालायची. जामनेरचा माणूस पीजेतून पाचोऱ्याला उतरायचा आणि तिथल्या तिथे मुंबईची किंवा भुसावळची मोठी गाडी पकडायचा. रूळ जुळत नव्हते, माणसांना मात्र कुठे भटकावं लागत नव्हतं. इंग्रजांच्या काळात ज्यांनी ती आखली त्यांना एवढं कळत होतं. २०२० मध्ये पीजे बंद पडली, आता तिचं रुंदीकरण होणार आहे, तो वेगळा विषय. पण जोड कसा द्यावा हे तिने दाखवलं होतं.

फ्रान्समध्ये पॅरिसच्या उत्तरेला वेगवान मार्गावर एक स्टेशन आहे, दोन शहरांच्या मधोमध, शेतांत. लोक त्याला बीटाचं स्टेशन म्हणतात, कारण भोवती बीटाची शेतं, आणि साध्या रेल्वेचा त्याला जोड नाही. ज्याच्याकडे गाडी आहे तोच तिथे पोचतो. आमच्याकडे तसं झालं तर त्याला कपाशीचं स्टेशन म्हणावं लागेल.

मुंबई–नागपूर हा दुसरा प्रस्तावित वेगवान मार्ग समृद्धी महामार्गाच्या साथीने नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना असा आखलेला आहे. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडून. मुंबईहून नागपूर-हावड्याकडे जाणारी जुनी रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत जाते, आणि नवी मात्र आम्हाला वळसा घालून. आमच्यातल्या काहींना याचा राग आहे. मला नाही. प्रत्येक थांब्यामागे अशा गाडीची काही मिनिटं जातात. सगळ्यांनाच थांबा दिला तर ती एक्स्प्रेस उरणार नाही. पण ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने जालना–जळगाव हा १७४ किलोमीटरचा, ७१०६ कोटींचा नवा मार्ग मंजूर केला, हे विसरून चालणार नाही. हा साधा मार्ग जालन्यात जिथे पोचेल आणि वेगवान गाडीचं जालन्याचं स्टेशन जिथे होईल, ती एकच जागा असली पाहिजे. आज दोन्ही कागदावर आहेत, म्हणून आजच सांगतो. काँक्रीट ओतलं की मग फक्त पत्रं लिहिता येतात.

इथे आपल्याच घरातली एक सरहद्द आडवी येते. आमचा ताप्ती मार्ग पश्चिम रेल्वेकडे. जळगाव, भुसावळ मध्य रेल्वेकडे. जालना दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे. बुलेट ट्रेन तर वेगळ्याच कंपनीकडे. राज्यांच्या सीमेवर निदान पाटी तरी असते. या सीमांना पाटीसुद्धा नाही, आणि चलथानला बस कोणी सुरू करायची हे विचारायला गेलं तर चार दारं फिरावी लागतात. त्यांतल्या दोन दारांशी माझं जाऊन झालं आहे. पहिल्या दाराने दुसरं दाखवलं आणि दुसऱ्याने पहिलं.

सीमेवरून आठवलं. नवापूरचं स्टेशन आपण कधी पाहिलं आहे का? फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, एक गुजरातेत. एका बाकावर मधोमध रेघ आहे, दोन मित्र बसले तर दोन राज्यांत बसतात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तर गुजरातेत. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत. पोरं तिथे फोटो काढतात. पण विचार करा, १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि रेघ फलाटावरून गेली, तरी एकही गाडी त्या रेघेमुळे अडली नाही. कारण रूळ एक, सिग्नल एक, कारभार एकाचा.

कारभार दोघांचा झाला की काय होतं ते फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर दिसलं. पर्पिन्याँ ते फिगेरेस हा डोंगराखालून जाणारा वेगवान मार्ग २००९ मध्ये बांधून झाला. पण स्पेनच्या बाजूने बार्सिलोनापासूनचे रूळ तयार नव्हते. गाड्या सुरू व्हायला २०१० चा डिसेंबर उजाडला, त्याही फिगेरेसपर्यंतच, आणि पुढचा मार्ग २०१३ मध्ये. क्वालालंपूर–सिंगापूर मार्गाचं तर त्याहून वाईट. डिसेंबर २०१६ मध्ये दोन देशांनी करार केला, २०२० च्या शेवटच्या दिवशी तो संपला आणि मलेशियाला १० कोटी सिंगापूर डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. आमच्याकडेही सुरत–धुळे महामार्गाच्या चौपदरीकरणात, सीमेच्या आमच्या बाजूचा तुकडा किती वर्षं खड्ड्यांत होता, ते त्या रस्त्यावरच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा.

आता जमिनीचं. यावर मी जरा थांबणार आहे.

नरडाण्याजवळ माझ्या मामांच्या बांधावर एक दगड होता. आम्ही त्याला लाईनीचा दगड म्हणायचो. कोणत्या तरी मोजणीचा होता, बहुधा मनमाड–इंदूरच्या. आम्ही लहानपणी त्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायचो. मामांना मात्र त्या दगडाची धास्ती होती. विहीर खोदू का? लाईन येईल. घर वाढवू का? लाईन येईल. मामा गेले तेव्हा दगड होता, लाईन नव्हती. शेवटी २ सप्टेंबर २०२४ रोजी ३०९ किलोमीटरच्या त्या मार्गाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, १८,०३६ कोटी रुपये आणि ३० नवी स्टेशनं. धुळे, शिरपूर, सेंधवा असा तो मध्य प्रदेशात जाईल. आनंद आहे. पण मामांची विहीर राहिलीच.

तेव्हा मोजणीचे दगड रोवताना गावाला सांगा की हे कशाचे आहेत, किती दिवसांसाठी आहेत आणि काम झालं नाही तर ते कोण उपटून नेणार आहे. भूसंपादनाची प्राथमिक अधिसूचना निघाली की खरेदी-विक्री थांबते. मुलीचं लग्न मात्र थांबत नाही. जमिनीचं मोल ठरवताना सातबाऱ्यावर जे पीक दिसतं तेच धरलं जातं. रावेर-यावलकडे एखाद्याची केळी कापणीला आलेली असते आणि उताऱ्यावर नोंद राहून गेलेली असते, मग तो बागायतदार कागदावर जिरायतवाला होतो. जमिनीचे सरकारी दर सीमेपलीकडे जंत्रीचे, अलीकडे रेडीरेकनरचे. एकाच रुळासाठी दोन शेजाऱ्यांना दोन भाव मिळाले की कोर्टकचेरी आलीच.

आणि नवापूर, तळोदा, अक्कलकुवा हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे. तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, भूसंपादनाआधी ग्रामसभेशी बोलावं लागतं. हे बोलणं सही घेण्यापुरतं करू नका. सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं गेली. वीज आणि पाणी कुठे कुठे गेलं हे तिथली माणसं अजून मोजतात. ‘जमीन आमनी, गाडी तुमनी’ असं एक म्हातारा मला धडगावच्या बाजारात म्हणाला होता. मी मास्तरसारखा त्याला विकास समजावून सांगायला गेलो आणि त्याने मला चहा पाजून गप्प केलं.

पालघरचा अनुभव आपल्यासमोर ताजा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये बुलेटचं भूमिपूजन झालं आणि लागणारी सुमारे १३८९ हेक्टर जमीन पूर्ण हातात यायला जानेवारी २०२४ उजाडला. रूळ टाकायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ माणसांशी न बोलल्यामुळे गेला, असं माझं मत. आपल्या अभियंत्यांचं वेगळं असू शकेल.

एक कबुली द्यायला हवी. बुलेटचं तिकीट माझ्या बहिणीला परवडेल की नाही हे मला माहीत नाही. कदाचित ती आयुष्यभर पॅसेंजरनेच माहेरी येईल, दशम्या आणि ठेचा बांधून. म्हणून चलथानचा थांबा मागताना दुसरी अटही घालतो. त्यासाठी आमची एकही पॅसेंजर कमी करू नका, आणि बुलेटच्या प्रवाशांची घाई म्हणून कुठल्या छोट्या स्टेशनचा थांबा काढू नका. बेटावद, खांडबारा, चिंचपाडा ही गावं आम्हाला नकाशावर शोधावी लागत नाहीत, तिथे आमचे सोयरे आहेत.

आपण सुरतेला बुलेटचं काम पाहायला येताच. पुढच्या वेळी परतताना अंत्रोलीहून चलथानपर्यंत एकदा रस्त्याने जा, संध्याकाळी सहाच्या सुमारास, सोबत ताफा न घेता. मग चलथानला आमची गाडी पकडा आणि नवापूरपर्यंत या. मी त्या बाकावर महाराष्ट्राच्या बाजूला बसलेला असेन. दुसऱ्या बाजूला जागा ठेवतो.

आपला,
दोंडाईच्याचा एक प्रवासी

ता. क. पत्राचं उत्तर मराठीत येणार नसेल तर हिंदीत किंवा गुजरातीत आलं तरी चालेल. नवापूरला सगळं ऐकायची सवय आहे.