‘आज लेन्स नको’ म्हणणाऱ्या ताईंना

इंदूर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

राजवाड्याच्या आसपास चष्म्याच्या दुकानांत काउंटरवर उभे राहणारे आम्ही काही जण हे पत्र लिहितो आहोत. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, तुम्हाला ते आवडलं नसतं. कॉन्टॅक्ट लेन्स विकायला कोणीही शिकवतं. समोरच्याचे डोळे कोरडे असतील तर डबी बंदच ठेवून ‘आज लेन्स नको’ म्हणायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

फ्लुरोसिन या पिवळ्या रंगाची ओली पट्टी पापणीआड टेकवायची, निळा दिवा लावायचा आणि पापणी न मिटवता सेकंद मोजायचे. हिरव्या थरात पहिला काळा डाग दहाच्या आत पडला, की अश्रूंचा थर टिकत नाही. पट्टीआधी मऊ लेन्स काढायची, नाहीतर तीच पिवळी होते, हेही तुमचंच.

बहुतेकांना पाणी कमी नसतं, तेल कमी असतं. पापणीच्या कडेच्या ग्रंथी तुंबतात आणि अश्रू भराभर उडून जातात. म्हणून सकाळी लेन्स घालण्याआधी साधारण ४० अंशांचा ओला शेक, ५ ते १० मिनिटं. फडकं दोन मिनिटांत निवतं, तेव्हा ते पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळायचं. शेकाचा फायदा न होण्याचं निम्मं कारण हेच. मग वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी हलक्या बोटाने दाबायची. पापणीच्या आतल्या काठावर काजळ मात्र नको, ते त्या ग्रंथींच्या तोंडावरच बसतं.

‘जास्त पाण्याची लेन्स द्या’ असं गिऱ्हाईक हटकून मागतं. ती सुकू लागली की डोळ्यातलंच पाणी ओढते, हे तुम्ही समजावलंत. रोज नवी घालून रात्री फेकायची, हवा आरपार जाऊ देणारी सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स बहुधा बरी. थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आणि लेन्सवर चालतील असेच. बेन्झाल्कोनियम हे प्रिझर्व्हेटिव्ह मऊ लेन्समध्ये शोषलं जातं आणि दिवसभर डोळ्याला चटका देत राहतं. लेन्स धुवायचं द्रावणच बाधत असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रावण, पण त्याच्याच डबीत आणि पूर्ण सहा तास. घाईत आधी काढलेली लेन्स घातली तर डोळा असा भाजतो की माणूस पुन्हा लेन्सचं नाव काढत नाही.

आपल्या इंदुरी खोडी तर तुम्हीच पकडल्यात. जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे खाऊन नळाखाली नुसती बोटं धुतली तर तिखट नखांत राहतं. साबण हवा, आणि नंतर हात कोरडे, कारण नळाचं पाणी लेन्सला लागता कामा नये. एप्रिल-मेमध्ये कूलरचा झोत तोंडावर नको, स्कूटरवर हेल्मेटची काच खाली. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, चष्माच. स्क्रीनसमोर पापणी अर्धवट मिटते, तेव्हा अधूनमधून ती पूर्ण मिटून दोन सेकंद धरायची.

संध्याकाळी लेन्स चिकटली तर ओढायची नाही. ओढली की बुबुळावरचा नाजूक थर सोबत निघू शकतो. दोन-तीन थेंब, पाच मिनिटं, भरपूर उघडझाप. बुबुळावर ती सरकू लागली की मगच चिमटीत धरायची. लाली, दुखणं, उजेड न सोसणं किंवा अंधूक दिसणं असेल, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर. लेन्स आणि डबी फेकायची नाही, सोबत न्यायची.

हो, डबीचं. रोज सकाळी जुनं द्रावण ओतून द्यायचं, ताज्या द्रावणाने खंगाळायची, पालथी वाळवायची, तीन महिन्यांनी बदलायची. तीन महिने कधी झाले हे कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून आता विकतानाच तळाला तारीख घालतो. त्यासाठी मार्कर गल्ल्याशेजारी दोरीला बांधून ठेवलाय.

आपले नम्र,
काउंटरमागचे विद्यार्थी