चार्ल्स ड्रू तसे गेले नव्हते!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय डॉक्टरांवरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल आभार, मराठीत एरवी यावर कोण लिहितंय. पण ती जी ठळक चौकट टाकलीय, की ब्लड बँक उभी करणारे डॉ. चार्ल्स ड्रू यांना गोऱ्यांच्या हॉस्पिटलने दारातून हाकललं आणि ते रक्तावाचून तडफडून गेले, ती वाचून डोकंच फिरलं. अहो, असं झालेलं नाही! १ एप्रिल १९५० ला नॉर्थ कॅरोलिनात गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला, गाडी उलटली. जवळच्या हॉस्पिटलात गोऱ्या डॉक्टरांनीच त्यांच्यावर उपचार केले, पण मार इतका जबर होता की ते वाचले नाहीत. गाडीत सोबत असलेले डॉ. जॉन फोर्ड यांनी नंतर स्वतः सांगितलंय की उपचारात कसूर झाली नव्हती. आता त्या काळात काळ्या पेशंटना खरोखरच परत पाठवायचे म्हणून ही कथा लोकांना पटली, हे मान्य. पण पेपरने तरी बघून छापावं की नाही?

आणि जे खरं घडलं ते लेखात कुठंय? १९४० मध्ये ब्रिटनला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, पाठवायचं सगळं काम याच माणसाने बसवून दिलं. त्यानंतर अमेरिकन रेड क्रॉसने आधी काळ्यांचं रक्तच नको म्हटलं, आणि मग १९४२ पासून घेतलं ते वेगळं ठेवायच्या अटीवर, १९५० पर्यंत. म्हणजे ड्रू यांचं स्वतःचं रक्तसुद्धा वेगळ्या कप्प्यात! याला शास्त्रीय आधार नाही हे ते उघड बोलत होते. ही माहिती सोडून तुम्ही खोटं मरण छापता, कमाल आहे.

मला हे झोंबलं कारण माझी उभी नोकरी सरकारी ब्लड बँकेत गेली. एकदा नाईटला एक गृहस्थ आले, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात आईसबॉक्स, सुनेची डिलिव्हरी झालेली आणि ब्लीडिंग थांबत नव्हतं. मी क्रॉसमॅच करून, म्हणजे सुनेच्या रक्ताशी जुळतंय का ते तपासून, पिशवी काउंटरवर ठेवली तर हे वाकून हळूच म्हणतात, "साहेब, आपल्यातलं बघा ना एखादं." तिकडे सून टेबलावर आणि इकडे यांना 'आपल्यातलं' हवंय! मी पिशवी त्यांच्यापुढे फिरवली, म्हटलं वाचा, नंबर, ग्रुप, कधी काढलं, कधी एक्सपायर होतंय, यात जात कुठं लिहिलीय ते दाखवा. गपचूप घेऊन गेले. बदली रक्त तुम्ही द्याल का विचारलं तर म्हणे मला बीपी आहे. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवताना जरा बेतानं.

शेवटी तुमच्या लेखकाने 'क्लिनिकल ट्रायलमध्ये सर्व समाजांनी सहभागी व्हावं' असं एक वाक्य टाकून हात झटकलेत. छान. पण औषधा-उपकरणांच्या अशा चाचण्यांना लोक का येत नाहीत? ड्रू अपघाताच्या त्या दिवशी निघाले होते अलाबामा राज्यातल्या टस्कीगी गावच्या क्लिनिकला, आणि त्याच टस्कीगीत सरकारी आरोग्य खातं १९३२ पासून सिफिलिस झालेल्या जवळपास ४०० काळ्या माणसांना 'तुमचं रक्त खराब आहे, इलाज चालू आहे' असं सांगून नुसतं बघत बसलं होतं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही, १९७२ पर्यंत! हे माहीत असलेला माणूस ट्रायलच्या फॉर्मवर सही करताना दहादा विचार करणारच ना. आणि चाचणीत सगळ्या रंगांची माणसं घेतली नाहीत की काय होतं तेही बघा. कोविडमध्ये आपण सगळे बोटाला ऑक्सिमीटर लावून बसलो होतो, त्यावर २०२० मध्ये अमेरिकेत अभ्यास आला की काळ्या पेशंटचा ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असताना मशीन 'ठीक आहे' दाखवतं, असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडलं. आपल्याकडच्या सावळ्या बोटांचं काय, हा प्रश्न तुमच्या लेखकाला पडला नाही.

सर्जरीच्या प्रयोगशाळेतले काळे टेक्निशियन व्हिव्हियन थॉमस यांचं तर नावच नाही. १९४४ च्या पहिल्या ब्लू बेबी ऑपरेशनला (हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांचं ऑपरेशन) सर्जन ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभं राहून टाका कसा घ्यायचा ते हा माणूस सांगत होता, आणि त्याआधी व्हँडरबिल्ट विद्यापीठात ब्लॅलॉक यांच्याकडेच काम करताना पगारपत्रकात त्याची नोंद होती झाडूवाल्याच्या ग्रेडमध्ये. पण टेक्निशियन पडले ना, त्यांना कोण विचारतो. आमच्या शिबिरांच्या बातम्यांतही तुमच्याकडे फोटो नगरसेवकाचाच येतो.

असो. खुलासा छापलात तर जिथे चौकट होती तिथेच छापा, आतल्या पानावर तळाला नको. आणि मागच्या दोन शब्दकोड्यांची उत्तरं अजून आलेली नाहीत, तेवढंही बघा.

आपला,
एक निवृत्त ब्लड बँक टेक्निशियन, सोलापूर