रविवारी फुटाळ्यावर: या वेळी बारीक तुकडेही वेचायचे

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता फुटाळा तलावाच्या काठावर प्लास्टिकचा कचरा वेचायला जमायचे आहे.

बाटल्या तर आपण उचलतोच. या वेळी चुऱ्याकडे लक्ष द्या. नागपूरच्या उन्हात पन्नी (प्लास्टिकची पिशवी) कडक होते, तडकते आणि तिचा भुगा होतो. ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे म्हणजे मायक्रोप्लास्टिक. ते कुजत नाही, मासे खाणे समजून गिळतात. पाण्यात मिसळल्यावर ते काढणे जवळपास अशक्य, म्हणून काठावरच वेचायचे. थर्माकोलचे मणी सर्वांत आधी, कारण ते वाऱ्यासोबत लगेच पाण्यात जातात.

हातमोजे, जुनी चाळणी, गोणी आणा. पिण्याचे पाणी स्टीलच्या बाटलीत. निर्माल्य घेऊन येणाऱ्यांशी कृपया वाद नको. पन्नी तेवढी मागून घ्या.