जॉर्जिया गिलमोर आणि तिचा क्लब

प्रिय सोनू,

काल तू फोनवर चिडलीस ना, की हॉस्टेलच्या आंदोलनात सगळ्यांचे पोहे-चहा आणि वर्गणीचा हिशोब आम्ही मुलींनी बघितला आणि पेपरात फोटो आले भाषण करणाऱ्या पोरांचे. तेव्हा मी गप्प होते कारण मला सारखी जॉर्जिया गिलमोर आठवत होती आणि ती बाई काही दोन मिनिटांत सांगून होणारी नाही, म्हणून लिहितेय.

अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगमेरी नावाचं शहर आहे, तिथला १९५५ चा बस बहिष्कार तू शाळेत वाचलायस, रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्युथर किंग. बसमध्ये काळ्यांना मागे बसवायचे, गोऱ्यांसाठी सीटवरून उठवायचे, रोझा उठली नाही म्हणून तिला अटक झाली आणि शहरातल्या काळ्या लोकांनी बसने जाणंच सोडलं, किंग त्यांचे पुढारी. पण बघ, हा बहिष्कार ३८१ दिवस चालला. एवढे दिवस हजारो माणसं कामावर कशी गेली असतील? पायी, आणि उरलेली लोकांच्या गाड्यांतून, त्यासाठी चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या होत्या, त्याला पेट्रोल लागतं, टायर लागतात, इन्शुरन्स लागतो (तो मधेच रद्द झाला तेव्हा लंडनहून काढून आणावा लागला). हा पैसा कुठून आला, हे कुणी फारसं विचारतच नाही.

त्यातला काही पैसा या जॉर्जियाने उभा केला. ती स्वयंपाकीण होती, तिने ओळखीच्या बायका जमवल्या, त्या घरी चिकन तळायच्या, सँडविच, रताळ्याचं सारण भरून भाजलेले 'पाय' (pie), केक करायच्या आणि ते ब्युटी पार्लर, लाँड्री, टॅक्सी स्टँडवर विकायच्या. आठवड्याला १२५ ते २०० डॉलर जमायचे म्हणे, त्या काळात हे थोडे नव्हते, आणि बहिष्काराच्या सभेत ती आकडा सांगायला उठली की लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. क्लबचं नाव होतं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे पैसे कुठून आले विचारलं तर खरंच सांगता यायचं, कुठूनच नाही. कारण यातल्या कितीतरी बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या, नाव कळलं असतं तर काम गेलं असतं, भाड्याची खोली गेली असती. कुणी केलं आणि कुणी विकत घेतलं हे फक्त जॉर्जियाला माहीत असायचं. ती स्वतः मात्र लपली नाही, मार्च १९५६ मध्ये बहिष्कारावरून किंगवर खटला चालला तेव्हा कोर्टात उभी राहून बस ड्रायव्हरने तिच्याकडून पैसे घेतले, मागच्या दाराने चढ म्हणून खाली उतरवलं आणि बस घेऊन निघून गेला हे सगळं सांगितलं. मग नोकरी गेली. मग किंगच्या मदतीने तिने घरातच खाणावळ सुरू केली आणि पुढाऱ्यांच्या बैठका तिच्याच टेबलावर व्हायला लागल्या.

मला वाईट कशाचं वाटतं सांगू, त्या बाकीच्या बायकांची नावं आज आपल्याला जवळपास माहीतच नाहीत. त्यांचा नाइलाज होता गं, तुझा नाहीये. तुम्हाला कोण कामावरून काढणारे? म्हणून चिडणं सोड म्हणणार नाही मी, उलट पुढच्या पत्रकावर कमिटीची नावं टाकताना वर्गणी आणि जेवण बघणाऱ्या मुलींची पण टाका, आणि कुणी नको म्हणालं तर भांड.

आणि पत्रकावरून आठवलं, जो ॲन रॉबिन्सन म्हणून कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या बाई होत्या, रोझा पार्क्सला अटक झाली त्या रात्रीच त्यांनी कॉलेजच्या मशीनवर, आपल्याकडे सायक्लोस्टाइल म्हणायचे तसल्या, हजारो पत्रकं काढली. क्लॉडेट कॉल्विन तर १५ वर्षांची पोर, पार्क्सच्या नऊ महिने आधी सीटवरून उठली नाही म्हणून अटकेत गेली, आणि बसमधला भेद ज्या केसने संपला त्या केसमध्ये फिर्यादी चार बायका होत्या, त्यातली एक ती.

जॉर्जिया तर बसवर थांबलीच नाही. फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या ओक पार्कमधून शॉर्टकट घेतला म्हणून पोलिसांनी तिच्या मुलाला मारलं, तेव्हा ती शहराविरुद्ध कोर्टात गेली. कोर्टाने पार्क सगळ्यांसाठी उघडा म्हटल्यावर शहराने काय केलं असेल? सगळे पार्कच बंद करून टाकले, काही वर्षं! केस चालत राहिली, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेली, आणि कायद्याच्या पुस्तकात ती 'गिलमोर विरुद्ध माँटगमेरी शहर' याच नावाने आहे.

वेळेवर जेव, पैसे लागले तर सांग.

तुझी,
आई