शंकांचे समाधान करण्यात आले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हायड्रोजन उद्योगाला लोकांची साथ कशी मिळवावी, यावरचा आपला कालचा अग्रलेख दोनदा वाचला. पहिल्यांदा आवडला म्हणून, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा घशाखाली उतरेना म्हणून. लोकांच्या शंकांचे वेळीच समाधान केले की विरोध उरत नाही, असा त्या मुद्द्याचा आशय. हे समाधान कसे केले जाते, ते मी स्वतः पाहिले आहे. काल रात्रभर तेच डोक्यात होते, म्हणून हे पत्र.

मी हायड्रोजनच्या विरोधात नाही. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात 27 वर्षे ऑपरेटर होतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि कॉस्टिकबरोबर हायड्रोजनही निघतोच. आज ज्याला सगळे उद्याचे इंधन म्हणतात, त्याच्या लाइनी मी रोज तपासत होतो.

कामाला लागून महिनाही झाला नव्हता. भर दुपारी कॉम्प्रेसरबाहेरच्या लाइनीवर फुसफुस ऐकू आली. दिसत काहीच नव्हते. आमच्या वरिष्ठ ऑपरेटरांनी लांब काठीला बांधलेला खराटा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हा पुढं धर, हळू चाल. काड्या पेटल्या की जागेवर थांबायचं." सात-आठ पावले गेलो असेन. समोर नुसते ऊन, आणि खराट्याच्या काड्यांची टोके आपोआप पेटली. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. तिला धूर नसतो, वास नसतो, आणि लाकडाच्या आगीसारखी धगही लांबून लागत नाही. तो खराटा नसता तर काड्यांच्या जागी माझा चेहरा असता. लाइनीचा दाब उतरवला, नायट्रोजन सोडला, आग विझली. संध्याकाळपर्यंत फ्लँजचे, म्हणजे पाइपाच्या जोडाचे, गॅस्केट बदलून झाले होते.

त्या वरिष्ठांनी आम्हाला "घाबरू नका" असे कधीच सांगितले नाही. कुठे घाबरायचे आणि घाबरल्यावर हात कुठे न्यायचा, ते शिकवले. म्हणूनच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. माझ्या सगळ्या नोकरीत त्या लाइनीवर कोणी भाजले नाही.

आता गेल्या वर्षीची जनसुनावणी. 100 मेगावॅटच्या इलेक्ट्रोलायझरचा, म्हणजे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या यंत्राचा, प्रस्ताव होता. मंचावरून पहिलेच वाक्य आले की हायड्रोजन पूर्णपणे सुरक्षित आहे; हवेपेक्षा 14 पट हलका असल्याने गळला तरी वर निघून जातो. उघड्यावर हे खरे आहे. छताखाली तोच वायू छताला जाऊन साचतो. हवेत 4 टक्क्यांपासून 75 टक्क्यांपर्यंत कितीही प्रमाणात असला तरी तो पेटतो, आणि ठिणगी इतकी बारीक लागते की अंगावरच्या कपड्यांतली स्थिर वीजही पुरते. आमच्या कॉम्प्रेसर शेडला वरून मोकळी जागा उगीच सोडलेली नव्हती.

माइकवर प्रत्येकाला दोन मिनिटे. म्हणून मी प्रश्न चिठ्ठीवर लिहून दिले. पहिला प्रश्न असा: इथल्या अग्निशमन दलाला न दिसणारी ज्योत शोधणारी साधने आणि प्रशिक्षण कोण देणार, आणि प्रकल्प सुरू होण्याआधी देणार की नंतर? दुसरा पाण्याचा. एक किलो हायड्रोजनला रसायनशास्त्राच्या हिशेबाने 9 लिटर शुद्ध पाणी लागते आणि वीज साधारण 50 युनिट. म्हणजे 100 मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला 48 टन हायड्रोजन, आणि त्यासाठी 4 लाख 32 हजार लिटर पाणी. शुद्धीकरणात वाया जाणारे आणि यंत्रे थंड करायला लागणारे पाणी धरले की आकडा दुपटी-तिपटीवर जातो. मोठ्या कारखान्यांच्या मानाने हे पाणी फार नाही, हेही मी चिठ्ठीत प्रामाणिकपणे लिहिले होते. पण ते कुठून उचलणार, आणि कोरड्या वर्षी आधी कोणाचे तोडणार? एवढेच विचारले होते.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंचा प्रश्न माझ्यापेक्षा चांगला होता. त्यांनी विचारले, "आमच्या विहिरींची पातळी आत्ताच मोजून लिहून ठेवाल का? म्हणजे पुढे खाली गेली तर कोणामुळे गेली, हे भांडत बसायला नको." सभागृह क्षणभर गप्प झाले. मंचावरून उत्तर आले की प्रश्न चांगला आहे, तांत्रिक विभाग लेखी कळवेल.

तीन अर्ज केल्यावर इतिवृत्त हातात पडले. 41 पाने. पाहुण्यांचे स्वागत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, सगळे सविस्तर. छत्तिसाव्या पानावर आमच्यासाठी दोन ओळी: सुरक्षितता व पाणी याबाबत काही उपस्थितांनी शंका मांडल्या. शंकांचे समाधान करण्यात आले. माझी चिठ्ठी नाही, बाईंचा प्रश्न नाही. लेखी उत्तर आजपर्यंत आलेले नाही, मला नाही आणि त्यांनाही नाही. संपादक महोदय, ज्या समाधानाची आपण शिफारस करता, ते कागदावर असे दिसते. आणि उद्या हाच कागद लोकांच्या संमतीचा पुरावा म्हणून दाखवला जाईल, याचा मला संताप येतो.

लोक अडाणी असतात म्हणून अडवतात, हा समज आधी सोडायला हवा. इंग्लंडमध्ये एल्समिअर पोर्टजवळच्या व्हिटबी भागात सुमारे 2000 घरांचा गॅस बदलून हायड्रोजन देण्याचा प्रयोग ठरला होता. सुरुवातीच्या आराखड्यात जुना गॅस ठेवण्याची मुभाच नव्हती. पुढे सवलती देऊ केल्या, पण तोवर विश्वास गेला होता. जुलै 2023 मध्ये स्थानिक पाठिंबा नाही असे सांगून सरकारला तो प्रयोग सोडावा लागला. स्कॉटलंडमधल्या फाइफची योजना बेतली ती उलट्या टोकाकडून: सुमारे 300 घरे, ज्यांना हवे त्यांनीच नाव द्यायचे, जुनी गॅसवाहिनी तशीच ठेवून शेजारून नवी टाकायची, शेगडी आणि बॉयलर फुकट, आणि हायड्रोजन जळताना कसा दिसतो ते पाहायला नमुना घर. नकार देता येतो म्हटल्यावरच होकाराला काही अर्थ येतो.

मला सगळ्यात जवळचे वाटते ते स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटसमूहातले एडे बेट. तिथल्या रहिवाशांच्या मालकीची पवनचक्की आहे. ग्रिडमध्ये जागा नाही म्हणून वारा असताना ती रोखून धरावी लागे. मग 500 किलोवॅटचा इलेक्ट्रोलायझर बसवला, अडलेल्या विजेपासून हायड्रोजन केला आणि फेरीबोटीने ऑर्कनीच्या मुख्य गावी, कर्कवॉलला नेऊन बंदरातल्या बोटींना त्यातून वीज दिली. लहानसा उद्योग, पण पवनचक्की त्यांची आणि तोट्यात जाणारी वीजही त्यांचीच. त्यांची समजूत कोणाला काढावी लागली नाही.

अपघात झाला तर? 23 मे 2019 ला दक्षिण कोरियातल्या गांगनुंगमध्ये हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळून टाकी फुटली, 2 माणसे गेली, 6 जखमी झाली. तीन आठवड्यांच्या आत, 10 जूनला नॉर्वेत ओस्लोजवळ सँडविका इथे हायड्रोजन भरण्याच्या केंद्रावर स्फोट झाला. तिथे उच्च दाबाच्या टाकीच्या प्लगचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते, हे काही आठवड्यांतच जाहीरपणे सांगितले गेले. बोल्ट किती आवळायचा, हे कोणत्याही फिटरला कळते. असे कारण लोकांसमोर ठेवले की लोक ते समजून घेतात. चिडतात ते लपवल्यावर.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही एक तक्रार आहे. हायड्रोजनवर काहीही छापले की सोबत पेटलेल्या हिंडेनबर्गचे, म्हणजे हायड्रोजन भरलेल्या त्या जर्मन हवाई जहाजाचे, छायाचित्र असतेच. ती दुर्घटना 6 मे 1937 ची, 36 जीव गेले, मी ती हलकी मानत नाही. पण त्या फोटोने वाचक एकतर दचकतो, नाहीतर जुनी गोष्ट म्हणून पान उलटतो. फ्लँज, व्हेंट, गॅस डिटेक्टर यांचे एखादे चित्र छापा, त्यातून निदान काही विचारता येईल. आणि गेल्या आठवड्याच्या बातमीत प्रकल्पातून रोज 100 मेगावॅट हायड्रोजन तयार होणार असे होते. मेगावॅट हे विजेच्या क्षमतेचे माप आहे, हायड्रोजन किलोत आणि टनांत मोजतात. आपल्या बातमीतून टन किती ते कळले नाही, तर पाणी किती हे वाचक कसे विचारणार?

हायड्रोजन लागणारच आहे. खत आणि तेलशुद्धीकरण यांना तो आजही लागतो. 2023 मध्ये जगभरात 9 कोटी 70 लाख टन वापरला गेला, आणि त्यात कमी प्रदूषणाने बनवलेला 1 टक्काही नव्हता. हे बदलावे असे मला मनापासून वाटते. तेवढ्यासाठीच म्हणतो, सुनावणीतला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्या शब्दांत नोंदवा, त्यासमोर उत्तर लिहा, उत्तर देणाऱ्याची सही घ्या, आणि तो कागद वाचून दाखवल्याशिवाय संमतीचा विषय काढू नका. विहिरींची पातळी मोजायला तर एक दोरी आणि एक वही पुरे.

इतिवृत्ताच्या छत्तिसाव्या पानाची प्रत सोबत जोडली आहे. आमचे प्रश्न त्यात नाहीत, म्हणून ते वर पुन्हा लिहिले. जागेअभावी पत्रातले काही गाळावे लागले तर बाकी काहीही गाळा, खराट्याची हकिकतसुद्धा. त्या बाईंचा प्रश्न तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त ऑपरेटर