फिट आलेल्या पोराला फिट ठरवणाऱ्या कंपाउंडर काकांना

काका, नमस्कार. फोनवर नीट थँक्यू म्हणताच आलं नाही, तुम्ही "बरं बरं, ठेव आता, बिल वाढतंय" म्हणून फोन ठेवूनच दिलात (व्हॉट्सॲप कॉल होता हो, फुकट असतो), म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी टेक्सासमध्ये छोटं विमान चालवायला शिकतोय. इन्स्ट्रक्टर शेजारी असेल तोवर ठीक, पण एकट्याने सोलो जायचं तर एफएएचं, म्हणजे इथल्या विमान वाहतूक खात्याचं, मेडिकल सर्टिफिकेट लागतं. त्याच्या फॉर्ममध्ये विचारतात, आयुष्यात कधीही झटके आलेत का. आता पावणेदोन वर्षांचा असताना मला तापात फिट आलेली, हे आईने शंभरदा सांगितलंय. मित्र म्हणाले 'नो' कर, सांगलीला कोण बघायला जातंय. पण त्याच फॉर्मवर खोट्या माहितीला 5 वर्षं कैद नाहीतर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड असं छापलंय, आणि खरं सांगू, मनालाही पटेना. 'येस' केलं, जवळ कागद एकही नाही, मग काय, तपासणाऱ्या डॉक्टरने सही न करता फाइल ओक्लाहोमा सिटीला, एफएएच्या ऑफिसात, पाठवून दिली.

मग माझी पळापळ. इथल्या डॉक्टरने "एकदम फिट" असं पत्र दिलं, पण तो मला ओळखतो दोन वर्षं, त्याला 1991 चं काय माहीत! जिथे एक रात्र ॲडमिट होतो तिथून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स आली, तिच्यात नुसतं 'एपिलेप्सी', पुढचं प्रश्नचिन्ह झेरॉक्समध्ये उडालेलं. ते तसंच पाठवलं असतं तर संपलंच होतं. कारण एपिलेप्सी वेगळी आणि तापातली आकडी वेगळी. वयाच्या पाच वर्षांच्या आत आलेली, नंतर परत न आलेली आणि औषध बंद होऊन 3 वर्षं झालेली असेल तर एफएए ती अडवत नाही, फक्त हे सगळं कागदावर दिसायला हवं.

शेवटी तुम्हाला, माझ्या लहानपणच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरना, फोन केला. आणि तुम्ही पहिलाच प्रश्न काय विचारलात, "तुला सर्टिफिकेट पाहिजे का केस पेपर?" काका, महिनाभर मला हे कुणी विचारलंच नव्हतं! 2005 च्या पुरात तुम्ही गठ्ठे माळ्यावर चढवले होते म्हणून तो कागद वाचला, कडेने पिवळा, पण त्यावर वय, ताप 103, "2 मिनिटे, एकदाच", आणि पुढच्या पानावर गार्डिनल (फिटचं औषध) कधी बंद केलं ती तारीखसुद्धा. डॉक्टरसाहेब आता रिटायर्ड, हात थरथरतो, तरी तुम्ही घरी जाऊन त्यांच्यासमोर बसलात, ते सांगत गेले, तुमच्या नातवाने इंग्रजीत टाइप केलं, लेटरहेड, रजिस्ट्रेशन नंबर, सही, तारीख, सगळं जागच्या जागी. स्कॅन तर माझ्या ऑफिसपेक्षा भारी होता.

गेल्या आठवड्यात एफएएचं सर्टिफिकेट आलं. शनिवारी तीन चकरा मारून एकटा उतरलो, तिसरं लँडिंग जरा आपटलंच.

पैशाचं विचारलं तर तुम्ही चिडलात, म्हणून परत विचारत नाही. मूळ केस पेपर पाठवू का म्हणालात, नको, तो गठ्ठ्यात होता तिथेच राहू दे, माझ्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त टिकेल.