मामा, तुम्ही धरलेल्या त्या पेपरबद्दल

मामा, नमस्कार.

परवा रविवारी बोलिंगच्या हॉलमधून निघताना तुमचे आभार मानायचे होते, पण तोंडातून शब्दच फुटला नाही. सोन्या बूट परत करत होता, तुम्ही ते पुसून फळीवर ठेवत होतात आणि मी नुसते हात जोडून बाहेर पडले. रात्री भाकरी थापतानाही डोळ्यांसमोर तेच. म्हणून लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी वर्षभर मी सोन्याला दुसऱ्या शहरात बोलिंग, म्हणजे लेनवरून जड बॉल घरंगळत सोडून टोकाच्या पिना पाडायचा हा खेळ, शिकायला नेत होते. दर शनिवारी पहाटेची एसटी. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी त्याचा डावा हात बघितला आणि उजव्यानं टाकायला लावलं. कारण काय, तर सगळे तसंच टाकतात. बॉल लेनच्या कडेच्या गटरमध्ये गेला की "जोर कमी पडला", पुन्हा गेला की "लक्ष नाही". वर्षभरात याशिवाय तिसरं वाक्य मी ऐकलं नाही. फी मात्र तीन महिन्यांची आगाऊ. शेवटी त्याच्या देखत मला म्हणाले, "ताई, याच्या हातात हे नाही." बारा वर्षांचं पोर. पेठ नाका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलं होतं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि तुम्ही? शिकवणं हे तुमचं कामही नव्हे. बूट द्यायचे, पिना उभ्या करणारं मशीन अडलं की मागं जाऊन सोडवायचं, हे तुमचं काम. त्या दिवशी काउंटरवरून उठून आलात आणि म्हणालात, "डावरा हायस व्हय? मग डाव्यानंच टाक की."

मग त्याला शेजारी बसवून सांगितलंत, की लेनला ३९ पट्ट्या असतात, त्या त्यानं डावीकडून मोजायच्या. उजव्या हाताच्या माणसानं पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधे बॉल घालायचा, यानं पहिल्या आणि दुसऱ्या. सगळ्यात पुढची पिन पहिली, तिच्या मागं डावीकडची दुसरी, उजवीकडची तिसरी. आणि वर म्हणालात, "तुझ्या बाजूनं टाकणारी माणसं थोडी. लेनवर तेल लावल्यालं असतं, ते तिथं लवकर मोडत न्हाई. तुझी वाट शाबूत असती बघ." त्या डाव्या हातासाठी इतकं चांगलं कुणी बोललंच नव्हतं, मामा.

पण मला सांगायचंय ते पेपरचं. धावत येताना त्याची नजर पिनांवर जायची, मान वर व्हायची, खांदा उघडायचा आणि बॉल बाहेर. तुम्ही काउंटरवरचा पेपर उचललात, शेजारच्या रिकाम्या लेनवर उभे राहिलात आणि तो उघडून त्याच्यासमोर आडवा धरलात. पिना झाकल्या. पेपरच्या खालून दिसत होते फक्त लेनवर नेमासाठी काढलेले बाण. पिना ६० फुटांवर, बाण १५ फुटांच्या आसपास. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलचं ब्राँझ घेऊन आला तेव्हापासून सोन्याला नेमबाजीचं वेड. ते त्याच्याकडूनच कळल्यावर तुम्ही विचारलंत, "नेमबाज डोळा कुठं ठेवतो? बंदुकीवरच्या साईटवर. तुझी साईट म्हंजे हा डावीकडनं दुसरा बाण."

पाऊण तास तुम्ही तसे उभे होतात. दोनदा हात बदललात. पेपरचं खालचं टोक थरथरत होतं, ते मी मागच्या खुर्चीवरून बघत होते. पिना पडल्याचा आवाज आला की सोन्या विचारायचा, "किती?" तुम्ही म्हणायचात, "ते ऱ्हाऊ दे. बाणावरनं गेला का?"

नंतर बॉल हातात घेऊन त्यावर उमटलेली तेलाची गोल रेघ त्याला दाखवलीत. खांद्यावरच्या टॉवेलनं ती स्वतः पुसलीत. अंगठा आधी सुटला पाहिजे, बोटं मागून. बॉल तेलावर घसरत जातो आणि पुढं कोरड्या भागावर वळतो, म्हणून नुसत्या जोरानं काही होत नाही, हे तेव्हा त्याला कळलं. वीस वर्षं मुंबईत पिनांच्या मागं मशिनपाशी काढलीत, तिकडून बॉल येताना बघून बघून हे शिकलात, असं तुम्ही सहज बोलून गेलात. पैशाचं विचारलं तर चहासुद्धा घेतला नाहीत.

माझे सासरे तालमीतले. वस्ताद पोराच्या खांद्यावर हात ठेवून डाव सांगायचे, असं ते नेहमी सांगत. अशी माणसं आता उरली नाहीत, असं मीच कितीदा तरी म्हटलंय. यापुढं म्हणणार नाही.

रविवारी डाव्या कोपऱ्यातली सातवी पिन एकटीच उरली होती. डावऱ्या माणसाला हीच पिन जड जाते. सोन्या पार उजवीकडे सरकला आणि मधल्या बाणावरून तिरका बॉल टाकला. पिन पडली. तुम्ही लांब, काउंटरवर होतात. त्यानं पिनेकडे बघितलंच नाही, तिथूनच वळून तुम्हाला ओरडून सांगितलं, "मामा, बाणावरनं गेला!"

तुमची,
सोन्याची आई